सुमित्राबाईंची सही

नीळकंठ देशकर भोपाळच्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तयार भाग मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, केसभर जास्त भरला तर रिजेक्ट. मग साहेबांचा फोन येवो की युनियनचा. शेअरही ते याच शिस्तीने घेत. कोणी ढुंकून बघत नाही असे स्वस्तातले शेअर हुडकायचे, प्रत्येकाची खरी किंमत ठरवायची आणि भाव तिच्यावर गेला की विकून मोकळं व्हायचं. ठरलेला आकडा पत्नी सुमित्राबाई कार्डावर लिहीत, कारण नीळकंठरावांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. सुमित्राबाई डावखुऱ्या. त्यांचे आकडे मागे रेलून बसल्यासारखे दिसत.

सगळे शेअर दोघांच्या नावावर होते. नव्वद साली सुमित्राबाई गेल्या, आणि या काटेकोर माणसाने आयुष्यातली एकमेव लबाडी केली. कंपन्यांना कळवलंच नाही. वीस कंपन्यांना वीस मृत्यूचे दाखले पाठवायचे म्हणजे तिला वीसदा पोचवून यायचं. ते त्यांच्याने होईना. विक्रीच्या फॉर्मवर तिची सही तेच करू लागले, डाव्या हाताने. नीट जमावी म्हणून रोज जेवणानंतर पानभर सराव. लबाडी म्हणायची ती कायद्यापुरती. खरं तर म्हाताऱ्याचा संसारच चालला होता तो.

ब्याण्णव साली तेजी आली. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये भाजी घेताना बायका शेअरचे भाव बोलू लागल्या. नीळकंठराव जूनमध्ये रिटायर होणार होते. कारखान्याचं क्वार्टर सोडायचं आणि जवळच्या सोनागिरी वसाहतीत घर घ्यायचं, तर त्याला पैसे या शेअरांतूनच यायचे होते. एका सिमेंट कंपनीचा भाव पंच्याऐंशीच्या वर गेला, म्हणून त्यांनी कार्डांचा डबा उघडला. कार्डावर पंच्याऐंशी खोडलं होतं. शेजारी, त्याच रेललेल्या अक्षरात, एकशे चाळीस.

आधी त्यांच्या अंगावर काटा आला. मग, सांगायला हरकत नाही, फार बरं वाटलं. दोन वर्षांनी ती काहीतरी बोलली होती. त्यांनी शेअर ठेवले. मार्चमध्ये भाव एकशे चाळीसला भिडला, तर कार्डावर दोनशे दहा. बाकीच्या कार्डांचंही तेच.

"साहब, आप तो हमेशा जल्दी बेच देते थे," टी. टी. नगरचा दलाल म्हणाला. "इस बार सलाह कौन दे रहा है?"

"घरवाली," नीळकंठराव म्हणाले. दलालाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि चहा मागवला.

एप्रिलमध्ये लेक वसुधा नागपूरहून आली. दुपारी पाणी द्यायला गेली, तर बाबा टेबलाशी बसलेले. डोळे मिटलेले, श्वास झोपेतला, आणि डावा हात संथपणे कार्डावर चाललेला.

"बाबा, काय लिहिताय?"

ते दचकून जागे झाले. "मी कुठे लिहितोय? जेवल्यावर जरा डोळा लागला."

वसुधाने कार्ड त्यांच्यापुढे धरलं. शाई ओली होती. तीनशे.

नीळकंठरावांनी आपला डावा हात उलटसुलट करून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "फॉर्म काढ. सगळे विकतो, आजच." डाव्या हाताने तिची सही केली, उजव्याने स्वतःची. वसुधाने फॉर्म त्याच संध्याकाळी दलालाकडे पोचवले.

महिनाभराने कंपन्यांनी परत पाठवलेल्या फॉर्मांचं पाकीट दलालाकडून आलं. सही जुळत नाही म्हणून व्यवहार अडला होता, आणि तोवर तेजी पार ओसरली होती. सोनागिरीचं घर आता आवाक्यात राहिलं नव्हतं. बाबांची चोरी पकडली गेली, या धास्तीने वसुधाने सोबतचं पत्र वाचायला घेतलं. मग तिने ते पुन्हा वाचलं.

"आईची सही बरोबर आहे, बाबा."

"मग?"

"तुमची जुळत नाही म्हणतात."

नीळकंठरावांनी कोरा कागद ओढला आणि उजव्या हाताने, तीस वर्षं रिजेक्टच्या पावतीवर केली तशी, झरकन सही केली. नाव त्यांचंच होतं. अक्षरं मात्र मागे रेलून बसली होती.