तोंडात टाचण्या

टाचणीमावशींचा भाव आपोआप उतरतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मावशी शिवणकाम करायच्या. कपडा अंगावर बेतून बघताना त्या ओठांत टाचण्यांची रांग धरायच्या, म्हणून हे नाव पडलं. तेवढाच वेळ त्या गप्प असत. एरवी गिऱ्हाइकानं शिलाई विचारली की आकडा सांगायच्या, आणि समोरचं माणूस तोंड उघडायच्या आत स्वतःच कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. "जास्त होतात का? बरं, थोडे कमी द्या." समोरच्या बेकरीवाल्या बाई तर घासाघीसही करत नसत. आकडा ऐकून छताकडे बघत उभ्या राहायच्या. मावशी दोन पायऱ्या खाली आल्या की मग पर्स उघडायच्या.

मावशींच्या लेकीनं रूप बापाचं घेतलं होतं आणि जीभ आईची. पोरगी हुशार. एका कारखान्यात हिशेब तपासायची नोकरी सोडून ती मॅनेजमेंट शिकायला गेली, दोन वर्षांनी पदवी घेऊन आली आणि म्हणाली, "मी प्रायव्हेट इक्विटीत जाणार."

"तिथली मंडळी करतात तरी काय?" मावशींचे भाऊ, म्हणजे पोरीचे मामा, विचारते झाले. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम शिलाई मशीनच्या शेजारच्या खुर्चीतच असे.

"लोकांचे पैसे एकत्र करून रडतखडत चाललेली कंपनी विकत घ्यायची, चार-पाच वर्षं राबून तिला रुळावर आणायची आणि चढ्या भावानं विकायची."

"म्हणजे जुना कोट उसवायचा, अस्तर बदलायचं आणि नव्याच्या भावात खपवायचा," मावशी म्हणाल्या. "त्याचे एवढे पैसे?"

"पगार, वर जवळजवळ तेवढाच बोनस, आणि कंपनी विकली की नफ्यात वाटा."

"वाटा कधी मिळतो?" मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"सात-आठ वर्षं तरी लागतात."

"तोवर मला टिकायला हवं."

"तुला कोण देतंय त्यातलं?" मावशींनी धागा दातानं तोडला.

पहिली मुलाखत छान झाली होती. अपेक्षा काय, असं विचारल्यावर पोरीनं वर्गातल्या इतरांना मिळाला तोच आकडा सांगितला. समोरचे साहेब नुसते पेन फिरवत बसले. तेवढ्यात पोरीच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे, थोडं कमी असलं तरी चालेल मला." साहेब हसले. "स्वतःचा भाव जी स्वतः पाडते, ती आमच्यासाठी कुणाशी घासाघीस करणार?" नोकरी गेली. घरी येऊन ती आईवर चिडली नाही. नुसती आईकडे बघत राहिली. मावशींना ते जास्त लागलं.

आता दुसऱ्या कंपनीनं निवडलं होतं. पगाराचं तेवढं बोलायला तिथल्या भागीदार बाई संध्याकाळी फोन करणार होत्या. म्हणून सकाळपासून तालीम. मामा साहेब झाले. पोरीनं आकडा सांगितला. मामांनी भुवया उंचावल्या आणि मिशीवर हात ठेवला. पोरीनं दात आवळून धरले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. शेवटी मावशीच ओरडल्या, "अरे दे ना तिला! वर थोडे जास्तही दे!"

"तुला कुणी विचारलं? तू कंपनीत आहेस का?"

"मला नाही सहन होत बाबा, असं गप्प बसणं."

हसून हसून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी मावशींनी तिला कोटासाठी स्टुलावर उभं केलं. नोकरी लागो न लागो, कोट तयार हवा. एक बाही लागली होती, दुसरी टाचलेली, पाठ खडूच्या रेघांनी भरलेली. मावशींच्या तोंडात टाचण्या. आणि फोन वाजला. संध्याकाळचा फोन दुपारीच!

हलायची सोय नव्हती, जागोजागी टाचण्या. मामांनी फोन स्पीकरवर टाकून तिच्या हनुवटीशी धरला.

"मोकळ्या आहात ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "सरळच विचारते. तुमची अपेक्षा काय?"

पोरीनं आकडा सांगितला. बोनस सांगितला. वाटा पहिल्या दिवसापासून मोजला जावा, हेही सांगितलं. आवाज स्वच्छ होता.

पलीकडून काहीच नाही.

पोरीचे ओठ उघडले. तो "म्हणजे" आता निघणार, हे मावशींना तिच्या मानेच्या शिरेवरून कळलं. तीच शीर त्यांनाही होती. त्यांनी मनगटावरच्या उशीतून टाचण्या उपसल्या आणि पोरीच्या ओठांत खोचल्या.

पोरगी जागच्या जागी गोठली. मामांनी डोळे मिटून घेतले.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"हं," पोरगी म्हणाली. टाचण्यांतून तेवढंच बाहेर पडत होतं.

"वाट्याचं जरा अवघड आहे. वर्षभरानंतर चालेल?"

"ऊंहूं."

पुन्हा शांतता. मावशींनी पोरीचा हात इतका घट्ट धरला, की टाचलेली बाही निसटली.

पलीकडच्या बाई हसल्या. "भारी चिवट आहात हो. आम्हाला असंच माणूस हवं होतं. तुमच्या मनासारखं करू या. पत्र उद्या पाठवते."

"हं!"

फोन बंद झाला. मावशींनी आपल्या तोंडातल्या टाचण्या उशीत खोचल्या. पोरीनं टाचण्या तळहातावर काढल्या आणि कोटासकट आईच्या गळ्यात पडली. "आई गं, टोचतंय!" "मलापण!" पण सोडलं कुणीच नाही. मामा खोलीभर नाचले आणि स्टुलाला अडखळले.

तेवढ्यात दारातून बेकरीवाल्या बाई आत आल्या, हातात कंबरेला घट्ट होणारा झगा. "एवढा सैल करायचा. किती द्यायचे?"

मावशींनी डोळे पुसले आणि आकडा सांगितला. बेकरीवाल्या बाईंनी सवयीनं छताकडे पाहिलं.

मावशींचे ओठ उघडले. लेक बघत होती. मावशींनी तिच्या तळहातावरच्या टाचण्या घेतल्या, एक एक करून ओठांत धरल्या आणि बाईंच्या कंबरेला टेप लावला.

बाई छताकडे बघत राहिल्या. पंखा फिरत राहिला.

"अहो, काही बोलाल की नाही?" शेवटी बाईच म्हणाल्या.

"हं," टाचणीमावशी म्हणाल्या.