गडी जहाजावर, नाव सांगत नाही

कुवेतमध्ये आमच्या ओळखीपाळखीत मोडी वाचणारी मी एकटी, आणि लग्न ठरताना हे बोलून दाखवलं ही माझीच चूक. माझे वडील रत्नागिरीकडे शाळामास्तर. त्यांनी हौसेने शिकवलं होतं. त्या हौसेचं फळ साठनंतरच्या एका वर्षी जाड लिफाफ्यातून शहराच्या शर्क भागातल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडलं.

गावाकडे सासूबाई एकट्या राहत होत्या. चुलत सासऱ्यांनी अचानक दावा केला, की हे घर त्यांच्या बापाचं, आमच्या आजेसासऱ्यांचा या मोहल्ल्यात उंबराच नव्हता. तोंडी साक्षी दोन्हीकडून भरपूर होत्या. सरकारी साहेबाला कागद हवा होता. तो मिळाला नाही तर उतारवयात सासूबाईंना घर सोडावं लागणार होतं. पोलीसपाटलाच्या माळ्यावर एका जुन्या शिरगणतीची घरयादी निघाली, तीही मोडीत. गावात मोडी जाणणारे एकच गुरुजी, ते नेमके चुलत सासऱ्यांचे दोस्त. म्हणून ह्यांच्या मामूंनी यादी उतरवून माझ्याकडे पाठवली.

उतरवून म्हणजे चित्र काढून. मामूंना मोडीचा गंध नव्हता. त्यांनी अक्षरं काढली, शाईचे डाग काढले, वाळवीने पाडलेली भोकंसुद्धा इमानदारीने गोल गोल काढली. एका ओळीशी मी तीन दिवस डोकं फोडलं, ती निघाली कागदाची घडी. त्यात वाऱ्याबरोबर घरात येणारी रेती. पुसून पुसून कागद झिजायची वेळ आली. संध्याकाळी हे दुकानातून आले की पायातल्या चपला काढायच्या आधी विचारायचे, "गावला काय?"

एकदा मी फणकाऱ्याने म्हटलं, "पापलेट हाय काय, बाजारात गेलं आनि गावलं?" त्यावर दोन दिवस अबोला होता. तेवढे दोन दिवस काम बरं झालं.

यादी लागली तेव्हा तर कपाळावर हात मारायची पाळी आली. अख्ख्या मोहल्ल्यात कमावता पुरुषच नाही! गेरूने दारावर घातलेला घराचा आकडा, खाली बाई, पोरं, एखादा म्हातारा. गणती झाली तेव्हा बाकी सगळे बोटीवर. मोजणाऱ्या कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं असणार, आणि आमच्या बायका कसल्या नवऱ्याचं नाव घेतात! वैतागून त्याने घरामागून घर एकच लिहिलं होतं: गडी जहाजावर, नाव सांगत नाही.

मशिदीच्या विहिरीलगतचं घर आमचं. तिथे एकच बाई, वय अठरा, मूल नाही. पण तिने स्वतःचं नाव मात्र स्पष्ट सांगितलं होतं.

मी ह्यांना विचारलं, "तुमच्या दादीचं नाव काय?"

"दादी."

"दादी ती मागाहून झाली. नाव काय होतं?"

ह्यांना ठाऊक नव्हतं. सात पिढ्यांचे बाप घडाघडा म्हणून दाखवणारा हा माणूस! ज्या बाईच्या मांडीवर वाढला तिचं नाव त्याने कधी विचारलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

मग मी एक शहाणपण केलं. यादीचं वाचन बाळबोधीत लिहून साहेबाच्या नावाने बंद पाकिटात घातलं आणि मामूंना कळवलं, की साहेबासमोर बायने, म्हणजे सासूबाईंनी, आधी आपल्या सासूचं नाव सांगावं, मग पाकीट फोडावं. नाव जुळलं तर त्या घरातली बाई आजेसासऱ्यांचीच बायको ठरेल, मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही. दीड महिन्याने उत्तर आलं: बाय म्हणते, सासूचा नाव तोंडान कसा घेव?

घर चाललं तरी चालेल, रीत मोडायची नाही! त्याच रात्री मी सासूबाईंना माझ्या हाताने लिहिलं, "तुमच्या सासूने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, म्हणून आज तुमच्या घरावर पाळी आली. आता तुम्हीही गप्प राहा, म्हणजे झालंच." सुनेने सासूला असं लिहायची पद्धत नव्हती. तरी पत्र पेटीत टाकलंच.

नंतरचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचलं. साहेब ओटीवर बसला होता. सासूबाईंनी त्याच्याकडे पाठ केली, पदर तोंडावर ओढला आणि भिंतीला सांगितल्यासारखं नाव सांगितलं. पाकीट फोडलं. नाव तेच. घर राहिलं.

शेवटी सासूबाईंनी माझ्यासाठी मामूंकडून दोन ओळी लिहवून घेतल्या होत्या: "पंधरा वरसां तिच्याबरोबर एका चुलीवर रांधला. नाव आज पयल्यांदा घेतला. ती असती तं वळून बघितली असती."

हे रडायलाच लागले. मी ओरडले, एवढं रडू येणार होतं तर दादी होती तेव्हाच नाव विचारायचं होतं. आणि पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं, कारण ते भिजायला लागलं होतं.