आमच्या धावगटातले पाच जण

१९८३ साली आमच्या धावगटात सहा जण होते. त्यांपैकी पाच अस्तित्वात नव्हते.

सहावा मी. वय त्रेचाळीस, वजन शहात्तर किलो. नोकरीमुळे मी वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. बायको सुनंदा आणि मुलगी चिपळूणलाच होत्या. सुनंदा तिथल्या शाळेत गणित शिकवायची. बदलीचा अर्ज करायला ती तयार होती, पण एका अटीवर.

"अहो, तिथे माणसं आहेत का, ते आधी कळवा."

मी मोजली. आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट. संध्याकाळी दिवे लागायचे तिनांत, आणि त्यातला एक माझा! कुकरची शिट्टी झाली तरी कुणी हाक मारल्यासारखं वाटायचं. (एकदा मी "आलो, आलो" असं उत्तरही दिलं.)

म्हणून मी धावू लागलो. रोज सकाळी सायकलने तुर्भ्यापलीकडच्या डोंगराचा पायथा गाठायचा, मग माथ्यापर्यंत धावत जाऊन परत. पाच किलोमीटर, एकोणसाठ मिनिटं. वाटेत बाळाराम नावाचा म्हातारा शेळ्या चारत असायचा. एक दिवस त्याने मला अडवलं.

"रोज धावतस. कोन लागलाय तुज्या मागं?"

"कोणी नाही हो."

"मंग?"

मी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि पुढे धावत सुटलो.

सुनंदाला पत्र लिहिताना 'मी रोज डोंगरावर धावतो' हे वाक्य फार केविलवाणं दिसू लागलं. मी 'मी' खोडून 'आम्ही' केलं. उलट टपाली प्रश्न आला: 'आम्ही म्हणजे किती?' आकड्याच्या प्रश्नाला उत्तर न देणं मला जमत नाही. मी लिहिलं: सहा.

मग उरलेल्या पाच जणांना नावं द्यावी लागली. नावांमागून त्यांच्या वेळा आल्या. माझ्या वेळेत ठरावीक मिनिटं मिळवून किंवा वजा करून मी दर आठवड्याला सगळ्यांचा तक्ता पाठवू लागलो. करंदीकर नावाच्या गृहस्थांना मी गुडघेदुखी दिली, कारण तक्त्यात कुणीतरी मागे हवंच. पुढे पुढे थंडी पडली की मला करंदीकरांच्या गुडघ्याची खरीच काळजी वाटायची!

जानेवारीत तिथल्या एका कारखान्याच्या कामगारांनी त्याच डोंगरावर शर्यत ठेवली. बाहेरच्यांनाही भाग घेता येणार होता. मी उत्साहाने कळवलं. सुनंदाचं उत्तर आलं: 'मी येते. संक्रांत झालीच आहे, हळदीकुंकू तिथेच करू. तुमच्या पाच मित्रांच्या बायकांसाठी वाणाच्या वाट्या घेतल्या आहेत. त्यांना भेटून बरं वाटलं तर परत जाऊन अर्ज टाकते.'

मित्र एकवेळ रजेवर पाठवता आले असते. पाच बायका कुठून आणू?

रविवारी सकाळी सुनंदा वाट्यांची पिशवी घेऊन पायथ्याशी उभी होती.

"करंदीकर कुठले?"

"पुढे गेले."

"शर्यत सुरू व्हायच्या आधीच?"

"हो, ते... गुडघ्यामुळे जरा लवकर निघतात."

एकूण तेवीस धावपटू होते. म्हणजे तेवीस वजा मी, बावीस. त्यांतले पाच तरी विवाहित असणार. हिशेब सरळ होता. पहिल्याच चढावर मी लाल बनियनवाल्या गड्याला गाठलं.

"लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय. का?"

"बायको संध्याकाळी मोकळी असेल का?"

तो जागच्या जागी थांबला. 'हळदीकुंकवाला' हा शब्द मला सांगायचा होता, पण त्या चढावर माझ्या छातीत एवढा मोठा शब्द मावत नव्हता! दुसरा म्हणाला, "नाय झालं अजून. का, पोरगी हाय का बगण्यात?" तिसऱ्याने प्रश्न ऐकून माझ्याकडे असं काही पाहिलं, आणि तो असा सुटला, की शर्यतीत पहिला आला.

मी धापा टाकत खाली पोचलो तोवर बाकीचे बावीस उतरले होते आणि माझी कीर्तीही त्यांच्याबरोबर उतरली होती. नवऱ्यांना बघायला आलेल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नऊ होत्या. (अशा वेळीही मी मोजतो.)

"ह्योच तो!" एक धिप्पाड बाई पुढे झाली. "काय रं, माज्या घरवाल्याला काय इचारलंस?"

"अहो, काय विचारलंत तुम्ही?" हा सुनंदाचा आवाज.

मी दगडावर बसलो. "सुनंदा, करंदीकर नाहीत. कुणीच नाही. मी एकटाच धावतो."

धिप्पाड बाईचे कमरेवरचे हात खाली आले. मग सुनंदा म्हणाली, "ते मला दिवाळीतच कळलं. तुम्ही दहा सेकंद सुधारलात की बाकीचे पाचही जण दहाच सेकंद सुधारतात. तुम्हाला ताप आला त्या आठवड्यात सगळे मागे पडले. करंदीकरांचा गुडघासुद्धा तुमच्याच हिशेबाने दुखायचा!"

"मग वाट्या कशाला आणल्यास?"

"पाहत होते, खरं कधी सांगताय ते."

मग तिने त्या नऊ जणींना वाट्या कुणासाठी होत्या ते सांगितलं. धिप्पाड बाई पोट धरून हसली आणि कपाळ पुढे करून म्हणाली, "लाव बाय, आमी हाव ना!" तिथेच, धुळीत, हळदीकुंकू झालं. वाट्या पाच आणि बायका नऊ. उरलेल्या चौघींनी 'आमची वाटी घेऊन कवा येतंस?' असं विचारून सुनंदाकडून 'लवकरच' असं वदवूनच घेतलं. तिने परत जाऊन अर्ज टाकला. जूनमध्ये मायलेकी कायमच्या राहायला आल्या.

पुढच्या जानेवारीत शर्यतीत सुनंदाही उतरली. साडी, चपला, आणि वाटेत गप्पा मारत वेचलेली पदरभर बोरं. ती शेवटची आली, मी शेवटून दुसरा. आमच्यात अंतर होतं चौदा सेकंदांचं. आणि तेवढे सेकंद ती शेवटच्या वळणावर, मी मागून येऊन तिला ओलांडल्यावरही, चपलेचा धड असलेला अंगठा नीट करत बसली होती.