लिफ्टमधले दोन काटकोन

लिफ्ट हादरली, हातभर खाली सरकली आणि अडकली. दिवा गेला. आत मी आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर. मला वाटलं, दोर तुटला, संपलं.

अंधारातून आवाज आला, "वहिनी, समजा दोर तुटलाय."

"काय अभद्र बोलता?"

"समजा हो. तुटला असता तर आपण पडत असतो. पडतोय का? नाही. म्हणजे तुटलेला नाही."

हे असे मास्तर. जन्मभर गणित शिकवलेले. तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल. एखादी गोष्ट खरी ठरवायची तर आधी तिच्या उलट मानायचं आणि ते कुठे जाऊन आपटतं ते बघायचं. इथे दिल्लीत, मयूर विहारच्या बाजारात कलिंगड घेतानाही तेच. "मान लो, मीठा नहीं है," असं त्यांनी सुरू केलं की फळवाला म्हणायचा, "मास्टरजी, मान लो आपको लेना है. तो अब तक ले चुके होते." मास्तर खूश होऊन दोन घ्यायचे.

मी चौथी शिकलेली, पण लिफ्टमध्ये त्यांनी मलाही सोडलं नाही. घंटा दाबून झाली, तरी कुणी येईना. तेव्हा म्हणाले, "समजा, त्रिकोणाला दोन काटकोन आहेत. पायाखालची फरशी ही एक बाजू. तिच्या दोन टोकांना या दोन भिंती, सरळ उभ्या. हात लावून बघा. वर कितीही नेल्या तरी एकमेकींना भेटतील?"

मी चाचपून पाहिलं. "कशाला भेटतील? अबोला धरलेल्या जावा आहेत त्या."

"मग तिसरा कोन कुठून आणायचा? त्रिकोणच होत नाही. म्हणजे त्याला दोन काटकोन असूच शकत नाहीत."

मला त्रिकोणाशी काय करायचंय? पण भिंती चाचपण्याच्या नादात माझा श्वास जागेवर आला, हे कबूल. मग लक्षात आलं, मघापासून मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलंय आणि त्यांचा तळवा घामाने ओला आहे.

"मास्तर, समजा तुम्ही घाबरलेले नाही."

"बरं."

"तर माझं मनगट सोडलं असतंत. सोडलंय का?"

मास्तर इतके हसले की बाहेरून गार्डने विचारलं, "अंदर सब ठीक है ना?"

पुढे ते भेटेल त्याला सांगायचे, "वहिनींनी मला सिद्ध केलं."

गेल्या थंडीत मास्तर गेले, घरीच, झोपेत. मी त्याच लिफ्टने भाजीला जाते. त्या दिवशी तिच्यात आम्ही दोघं होतो, आणि दोघंही आपल्या पायांनी बाहेर आलो.