शिसं वितळवायची कढई

मी जन्माची भित्री. पाल, वीज, डॉक्टरची सुई, रिकामी लिफ्ट, मला घाबरायला काहीही चालतं. वाईला सासरी माझ्या भित्रेपणाचे किस्से पाहुण्यांना चहाबरोबर सांगितले जातात, आणि मीही हसून घेते. पण खरी भीती काय असते ते मला पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा कळलं. ती पालेभाजीतून आली.

माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. रिटायर फौजीला आमच्याकडं दोनच वाटा असतात. एटीएमच्या दारात बंदूक घेऊन बसायचं, नाहीतर उसाला पाणी पाजायचं. आबांनी तिसरीच वाट धरली. ते मासे धरायला लागले, आणि तेही जाळं टाकून किंवा गांडूळ लावून नव्हे. आसामात पोस्टिंग असताना एका सोबत्यानं त्यांना जिग शिकवला होता. जिग म्हणजे शिशाचं बोराएवढं डोकं, त्यातून बाहेर आलेला गळ, आणि गळाभोवती शेपटीसारखे दोरे नाहीतर पिसं. पाण्यात टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा आणि हिसके देत ओढायचा. मरळीला वाटतं एखादं पिल्लू घाबरून पळतंय, आणि ती झडप घालते.

"मासा भुकेपायी गावत न्हाई," आबा म्हणायचे. "समोरचं भेदरलेलं दिसलं की त्याला राहवत न्हाई, म्हणून गावतो."

हे सांगताना ते माझ्याकडंच बघून हसायचे.

विकतचे जिग त्यांना कधी पटले नाहीत. "ही पुण्याच्या पोरांची खेळणी. आपल्या डोहात वढ लय हाय, ही डोकी तळाला जातच न्हाईत." म्हणून ते स्वतःच ओतायचे. गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडलेली. टायरवाल्याकडून चाकांच्या रिमला लावायची जुनी शिशाची वजनं पोत्यानं आणायचे आणि एका जुन्या लोखंडी कढईत वितळवायचे. शिसं हळूहळू बसायचं, मग वर करड्या रंगाची साय धरायची. ती साय पळीनं बाजूला सारली की खाली लखलखीत, आरशासारखं. प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन पाकळ्यांचा साचा त्यांनी स्वतः कोरला होता. त्यात आधी गळ बसवायचा, पाकळ्या आवळायच्या आणि वरच्या भोकातून शिसं ओतायचं. गार झाल्यावर साचा उघडला की आत चकचकीत डोकं. त्याच्या कडा कानशीनं घासायच्या, की झाला जिग तयार. म्हणजे अंगानं तयार. खरी हौस पुढंच होती.

रंगाला माझ्या कॉलेजातल्या वाळत आलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या. आगपेटीच्या काडीनं पांढरा डोळा, त्यात काळं बुबुळ. शेपटीला बेंदराचे गोंडे. सण झाला की बैलांच्या शिंगांचे लाल-हिरवे गोंडे आबा सोडून ठेवायचे आणि वर्षभर दोरा दोरा काढून वापरायचे. शेवाळातल्या मरळीसाठी गळापुढं ब्रशचे दोन ताठ केस लावायचे, म्हणजे गळ अडकत नाही. गढूळ पाण्यासाठी नारिंगी, नितळ पाण्यासाठी करडा. त्यांचा प्रत्येक जिग बेंदराच्या मिरवणुकीतल्या बैलासारखा नटलेला असायचा. मी डोळे काढून द्यायची. माझा हात बारीक कामाला बरा आहे, भीती वाटत नसली की.

आणि तेव्हा मला भीती होती ती पाण्याच्या थेंबाची. एका आषाढात साचा नीट वाळला नव्हता. आबांनी ओतलं आणि आतल्या ओलीनं शिसं फाडकन वर उडालं. त्यांच्या मनगटावर हरभऱ्याएवढा डाग अजून आहे. तेव्हापासून मी गोठ्याच्या दाराशी उभी राहून ओरडायची, "आबा, साचा वाळलाय का?" ते वैतागायचे. पण त्या दिवसापासून पावसाळ्यात चूल पेटली नाही. मला वाटलं, चला, धोका टळला. मी दाराशी पहारा देत होते आणि चोर घरात आधीच येऊन बसला होता.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई माळकरी. घरात मासा शिजत नाही. आबा गोठ्यामागंच मासे तळायचे, आणि ते याच कढईत. आमच्याकडं नॉनस्टिक आलं तेव्हा आईनं ती अडगळीत टाकलेली, आबांनी उचलली. पुढं तिच्यात शिसं वितळवायला लागल्यावर त्यांनी तिच्यात तळणं बंद केलं आणि आईला बजावलं, "ह्या कढईला कुणी हात लावायचा न्हाई." आईला वाटलं, माझ्या माळेचा मान ठेवतायत. तिला बरं वाटलं.

सातवा सरताना मी माहेरी आले. पलूसच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या. आईचा गोळ्यांवर विश्वास आहे, पण अर्धाच. लोखंडाच्या भांड्यात रांधलं की रक्त वाढतं हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं, आणि तसं ते खोटंही नाही. पावसाळा होता, आबांची चूल बंद होती. आई गोठ्यात गेली, खुंटीवरची कढई काढली. आमच्याकडं मासा-मटणाचं भांडं शुद्ध करायची रीत आहे. आत धगधगता निखारा टाकायचा, फिरवायचा, मग राखेनं घासायचं. आईनं ते सगळं केलं. वरून तुळशीचं पाणी शिंपडलं. आणि मग माझ्या डोहाळ्यांना आंबट लागतं म्हणून आंबट चुका आणला.

त्या भाजीची चव अजून जिभेवर आहे, हेच वाईट. लसणाची फोडणी, शेंगदाणे, आणि तो दात आंबवणारा चुका. मी रोज मागायची. चुका नसला की टोमॅटो घालून मेथी. आई कौतुकानं म्हणायची, "बघ, गालावर लाली आली का न्हाई!"

आबा जेवायचे बाहेरच्या सोप्यात. ताट आईच नेऊन द्यायची. एका दुपारी आई शेजारी गेलेली. आबा भाजी वाढून घ्यायला आत आले. मी भिंतीला टेकून जेवत होते. त्यांनी झाकण उचललं आणि ते तसेच उभे राहिले.

"ही कढई हितं कशी आली?"

"आईनं काढली. माझ्या रक्तासाठी."

त्यांनी कढई तिरपी केली. कडीच्या खिळ्यांपाशी, जिथं घासणीचं टोक पोचत नाही तिथं, नख घातलं. नखात करडा कण आला. तो त्यांनी दोन बोटांत दाबला, तर तो चपटा झाला. लोखंड असं चपटं होत नाही, एवढं मलाही कळत होतं.

आबा खाली फरशीवर बसले. लढाईच्या गोष्टी सांगताना ज्या माणसाचा आवाज कधी हलला नाही, त्यानं माझ्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. भाजी फरशीवर सांडली.

"खाऊ नगं. थुक ते. कवापास्नं खातीयास?"

घास तोंडातच होता. मी तो ओंजळीत काढला. पोटात बाळ फिरलं.

आई आली तेव्हा आम्ही दोघं फरशीवरच होतो. तिला आधी काही कळेना. मग ती चिडली. "आवं, मी निखारा घातला की! राखेनं घासली, तुळशीचं पानी घातलं. माशाचा वाससुदीक न्हाई तिला."

"मासा न्हाई गं," आबा म्हणाले. "शिसं. ते इख हाय."

"शिसं तर इस्तवातच असतंय. इस्तवातनं निघालेल्याला कसला इटाळ?"

आईनं जे जे धुवायचं ते सगळं धुतलं होतं. तिला भीती माशाची होती.

मिरजेच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, "आंबट काय काय शिजवलं?" आई अभिमानानं सांगायची ते आता रडत सांगत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आंबटात शिसं सुटतं, आईच्या रक्तातून बाळाकडं जातं, आणि त्याचा त्रास मेंदूला होतो. त्या हे फार शांतपणे बोलल्या. मला त्या शांतपणाचीच धास्ती बसली. माझं रक्त घेतलं, ते तपासायला बाहेर जाणार होतं. मग त्यांनी आबांकडं बघितलं. "वितळवतं कोण? तुमचंही द्या."

मधल्या दिवसांबद्दल काय सांगू? बाळ लाथ मारायचं तेव्हा वाटायचं, ही लाथ नेहमीसारखी नाही. मारायचं नाही तेव्हा तर विचारूच नका. मोबाइलवर वाचत बसायची आणि वाचलेलं प्रत्येक दुखणं माझ्याच बाळाला झालेलं असायचं. नवरा वाईहून फोनवर म्हणायचा, "तू आधी तो मोबाइल ठेव." त्याचं बरोबर होतं, पण मोबाइल ठेवून मी हातात काय धरू?

आबांनी साचे दगडानं फोडले. तयार जिग डब्यात बंद केले. कढईचं काय करायचं हे मात्र कुणालाच सुचेना. नदीत टाकावी तर तिथं मासे. शेतात पुरावी तर वर ऊस. भंगारवाल्याला द्यावी तर तो घासूनपुसून बाजारात मांडणार आणि ती कुणातरी बाईच्या चुलीवर चढणार. शेवटी आबांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि बुडाला मोठं भोक पाडलं. दुपारभर गोठ्यामागून आवाज येत होता. आता तिच्यात कुणी काही शिजवू शकत नाही. ती अजून खुंटीला आहे. भोकातून भिंत दिसते.

रक्ताचं कळलं. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "शिसं आहे, पण घाबरण्याइतकं नाही. वेळेवर थांबलात." घाबरण्याइतकं म्हणजे किती, हे मला कुणी सांगू नये. आबांचं मात्र पुष्कळ जास्त निघालं. हाताचा कंप त्यांनी वयावर ढकलला होता, पोटातली कळ फौजेतल्या मेसच्या जेवणावर. त्यांना औषध सुरू झालं. त्यांनी स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. बाळाचं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते जन्मल्यावर बघू.

मुलगी झाली, मिरजेतच. रडली ती वॉर्ड दणाणेल अशी, आणि तिच्या रडण्यावर इतकं प्रेम करणारी आई त्या दिवशी दवाखान्यात दुसरी नसेल. तिचंही रक्त तपासलं. थोडं आहे, म्हणाले. वाढताना लक्ष ठेवू. "काही नाही" असं कुणीच म्हटलं नाही. तेव्हापासून मी लक्ष ठेवतेय. टाळी वाजवली की मान वळते का, दिव्याकडं बघते का, नजर ठरते का. सगळे म्हणतात किती गोड हसते. मी मात्र ती वेळेवर हसली का ते बघते.

आबांनी तिला घेतलं नाही. बारशालाही नाही. पाळण्यापासून हातभर लांब उभे राहायचे, हात पाठीमागं बांधून, परेडला उभे असल्यासारखे. मी म्हणायची, "आबा, घ्या की हिला."

"नगं. लांबनंच बघतो."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साबणानं हात धुतले की काही होत नाही. मलाही ते ठाऊक होतं. तरी ते "नगं" म्हणाले की माझ्या जिवात जीव यायचा. मी आग्रह करायची, आणि त्यांनी तो मानू नये अशी मनातून इच्छा धरायची. मला वाटतं, त्यांना दोन्ही कळत होतं.

वाईला निघायच्या दिवशी गाडी दारात लागली. आई ओटीचं सामान करत होती. मागच्या नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं. आबा आले ते कोपरापर्यंत ओले. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटांची टोकं घासून घासून लाल झालेली.

"आता घिऊ का गं? एकदाच."

माझा सुभेदार बाप माझी परवानगी मागत होता. मी बाळ त्यांच्या हातात दिलं. तिनं त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं. आई पदरानं डोळे पुसायला लागली, माझा नवरा मोबाइल काढून फोटो घेत होता. सगळे बाळाकडं बघत होते. मी आबांच्या नखांकडं बघत होते. मान वर केली तर आबा माझ्याकडं बघत होते.

"घे," ते म्हणाले. "ऊन व्हायच्या आत पोचा."

मी बाळ घेऊन गाडीत बसले. दार लागलं. बाळाची मूठ तोंडाकडं चालली होती, तशी मी बाटलीतल्या पाण्यानं दुपट्याचं टोक भिजवलं आणि ती मूठ उघडून एकेक बोट पुसलं. मग आठवलं, गाडीची काच खालीच आहे. मान वळवली. आबा दारातच उभे होते, हात पुन्हा पाठीमागं बांधून.