धानोऱ्याची पेटी आणि गोंडपिपरीचा पोंगा

डिसेंबरच्या अकरा तारखेला सकाळी सव्वासहाला श्रीहरी मोहुर्ले मास्तरांचा ऑर्गन धानोऱ्याहून चंद्रपूरला निघाला. पिकअपमध्ये खाली भाताच्या तणसाची हातभर जाड गादी, तिच्यावर ऑर्गन, ऑर्गनवर बायको बायनाबाईंच्या दोन जुन्या चादरी, आणि शेजारी खुद्द मास्तर. ड्रायव्हरने त्यांना पुढे बसायला सांगितलं होतं.

"तो एकटा भेते," मास्तर ऑर्गनकडे बोट दाखवून म्हणाले आणि मागेच बसले.

दारातून बायनाबाईंनी बजावलं, "उतरवतानी स्वतः उचलू नोका. सत्तर वर्सं झाली तुम्हाले. अन त्या पिशवीत माही कानस काऊन घेतली?"

"लागली तं असावी," मास्तर म्हणाले.

कानस खरं म्हणजे मास्तरांचीच होती. पण विळ्याला धार लावायला बायनाबाई ती गेली छत्तीस वर्षं मागत होत्या, आणि मास्तर ती ऑर्गनच्या झाकणाखाली लपवून ठेवत होते.

हा सगळा खटाटोप एका अल्बमसाठी होता. मास्तरांचा ऑर्गन आणि अश्वजित दुर्गे यांचा सॅक्सोफोन, अशी ही जोडी एकोणचाळीस वर्षांची. श्रीहरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अश्वजित गोंडपिपरीच्या पोस्टात कारकून. दिवाळी उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होत, आणि दोघेही रजा टाकून एकाच नाटक कंपनीत वाजवायला जात. सॅक्सोफोन अश्वजितना काकांच्या बँडपार्टीतून मिळाला होता. पुढची विद्या मात्र त्यांनी रेडिओच्या शॉर्टवेव्हवरच्या एका परदेशी स्टेशनावरून उचलली. तिथला वाजवणारा एक चाल धरायचा, मनाला येईल तिकडे न्यायचा, मग दुसऱ्याच्या हातात सोपवायचा आणि शेवटी दोघं मिळून ती घरी आणायचे.

"याले जॅझ म्हणतात, मास्तर," अश्वजितनी पहिल्याच हंगामात सांगितलं.

"आमच्या भजनात बुवा हेच करते," मास्तर म्हणाले. "फक्त तो घरी लवकर येत नाई."

दोन अंकांच्या मध्ये पडदा पडला आणि मागे देखावा बदलू लागला की हे दोघे सुरू होत. लोक त्याला 'पोंगा-पेटी' म्हणत. पोंगा म्हणजे सॅक्सोफोन, पेटी म्हणजे ऑर्गन. चहाला उठलेली माणसं पोंगा-पेटी ऐकून परत येऊन बसत, याचा दोघांना मनातून अभिमान होता. अश्वजितची मुलगी रिना ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेऊन आली आणि तिने चंद्रपूरला तुकूममधल्या घरामागे स्टुडिओ काढला. वडिलांच्या आणि मास्तरकाकांच्या आठ चाली मुद्रित करायच्या हे तिनेच ठरवलं. सोबत दोन पाहुणे वादक बोलावले: भामरागडकडचा ढोलवाला चैतू आणि नागपूरचा बास गिटार वाजवणारा राजदीप.

दुपारी सगळे बसले आणि दहा मिनिटांतच राजदीप थांबला. त्याने मोबाईल ऑर्गनजवळ धरला, एक पट्टी दाबायला लावली आणि पडद्यावरच्या काट्याकडे पाहत राहिला.

"काका, तुमचा ऑर्गन चढा आहे. जवळजवळ पाव सूर."

"मग पोंगा?" मास्तरांनी विचारलं.

"तोही. तेवढाच."

मास्तरांना हे का झालं ते तत्काळ कळलं. अठ्ठ्याऐंशी साली कंपनीचा ट्रक नाल्यात कलंडला आणि ऑर्गन पाण्यात पडला. आतल्या सुरांच्या पितळी पत्त्या खराब झाल्या. दुरुस्तीवाला कुठून आणायचा? मास्तरांनी स्वतः कानस घेतली आणि एकशे बावीस पत्त्या एकेक घासून लावल्या. प्रमाण म्हणून शेजारी बसून अश्वजित सॅक्सोफोनवर सूर देत होते. पण त्या सॅक्सोफोनचं मुख नळीवरच्या ज्या बुचावर बसतं ते झिजलेलं होतं, मुख पार आत सरकायचं, आणि मुख आत गेलं की सूर चढतो. अश्वजित ऑर्गनवर विसंबले होते, मास्तर सॅक्सोफोनवर. दुसरा बरोबर आहे अशी दोघांनाही खात्री होती.

रिनाने हळू आवाजात मार्ग सुचवला. "काका, या कीबोर्डात ऑर्गनचा आवाज आहे, हुबेहूब. बाबा मुख थोडं बाहेर ओढतील. बोटं तुमचीच राहतील."

"अन पाय?" मास्तरांनी विचारलं.

कीबोर्डाला भाता नव्हता, त्यामुळे पायांना काम नव्हतं. मास्तरांनी थोडं वाजवून पाहिलं. पाय आपोआप खालीवर होत होते आणि फरशीवर चपला आपटत होत्या. त्या दिवशी काहीच मुद्रित झालं नाही. जेवताना मास्तर एवढंच म्हणाले, "एकोणचाळीस वर्सं लोकायले बेसूर आयकवलं आपण." अश्वजितनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अश्वजित चहाचे दोन पेले घेऊन स्टुडिओत आले, तेव्हा ऑर्गनची मागची फळी काढलेली होती. मास्तर उकिडवे बसले होते, हातात कानस होती आणि मांडीवर अजून न घासलेली पहिली पत्ती. आता सूर उतरवायचा म्हणजे पत्ती बुडाशी घासायची. आधीच झिजलेलं पितळ बुडाशी तुटतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय करून राह्यला, मास्तर?"

"तुह्या पोरीच्या अल्बमात कीबोर्ड नाई पाह्यजे मले. संध्याकाळपर्यंत लावतो."

"तुटल्या तं?"

"तं मंग कीबोर्ड हायेच."

अश्वजितनी पेले खाली ठेवले, कोपऱ्यातला सॅक्सोफोनचा डबा उघडला आणि मुख काढून त्याखालची नळी मास्तरांच्या डोळ्यांसमोर धरली. नळीच्या बुचावर पेनाच्या दोन रेघा होत्या, एक बाहेरच्या टोकाला, एक पार आत.

"हे काय?"

"ही नागपूरची रेघ. चौऱ्याण्णव साली डाकखात्याच्या स्पर्धेले गेलो होतो ना, तिथी पियानोसंगं माहा सूर लागे ना. मुख बाहेर ओढलं, तवा लागला. रेघ मारून ठेवली."

"अन आतली?"

"आतली तुही. वापस आलो, अन पुन्हा आत ढकललं. तीस वर्सं तिथीच हाये."

मास्तरांनी कानस खाली ठेवली. "म्हंजे तुले ठावूक होतं. काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू तवाच कानस घेऊन बसला असता," अश्वजित म्हणाले. "अन मले तो आवाज आवडते. नागपूरचा पियानो आयकला मी. बरोबर होता. पण असा नव्हता. चहा घे, थंडा होते."

मास्तरांनी चहा घेतला. पेला खाली ठेवून म्हणाले, "मोठा हरामी हायेस तू."

"हो," अश्वजित म्हणाले.

तेवढ्यात अंगणातून चैतूची हाक आली. "मास्तर, एक सूर द्या ना." त्याने पाचोळ्याचा लहानसा जाळ केला होता आणि ढोलाचं कातडं शेकत होता.

मास्तरांनी पत्ती जागेवर बसवली आणि फळी न लावताच भाता मारून पट्टी दाबली. चैतूने ढोलावर थाप दिली, मान हलवली, पुन्हा शेकलं, पुन्हा थाप दिली. तीन-चारदा असं झाल्यावर ढोल ऑर्गनला मिळाला.

"झाला," चैतू म्हणाला.

"अरे, पण आमचा सूरच चूक हाये म्हणते ना."

"कोन म्हणते?"

"राजदीपचा मोबाईल."

"मोबाईल आमच्याकडं बी असाच करते. पावसाळ्यात तर लागतच नाई." चैतूने ढोल जाळापासून दूर घेतला. "मी पाहुणा हाय, मास्तर. घरवाल्याचा जो सूर, तोच माझा."

ओसरीवर दात घासत राजदीप हे ऐकत उभा होता. त्याने चूळ भरली. "काका, तसं तर मीही चढवू शकतो. चार खुंट्या तर आहेत. पिळल्या की झालं."

"मंग काल काऊन नाई बोलला, बाप्पा?"

"मला वाटलं तुम्हाला बरोबर सुरात हवं आहे."

"आम्हाले आमच्या सुरात पाह्यजे," मास्तर म्हणाले, आणि फळी लावायला स्क्रू शोधू लागले. रिनाने कीबोर्ड उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

राजदीपने चार खुंट्या पिळल्या. दुपारपर्यंत तीन चाली झाल्या, चौदा तारखेपर्यंत आठही. मधे मधे चैतू अंगणात जाऊन ढोल शेकून येई आणि तोवर सगळे चहा पीत. चौथ्या चालीत मास्तरांच्या भात्याचा करकर आवाज आला. रिनाने तो ठेवायचा का म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, तो काढला तर माझे पाय कुठे गेले असं लोक विचारतील.

'पोंगा-पेटी' या नावाने अल्बम फेब्रुवारीत आला. धानोऱ्याला बायनाबाईंनी तो अंगणात खाटेवर बसून मोबाईलवर पूर्ण ऐकला. ऐकताना त्यांचा हात थांबला नव्हता. मांडीवर विळा होता आणि त्याच्या पात्यावरून कानस चालत होती. मास्तरांनी ती चौदा डिसेंबरला घरी पोचल्याबरोबर त्यांच्या हातात दिली होती.

"कसं वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"नेहमीसारखंच हाये," बायनाबाई म्हणाल्या, आणि बोटाने विळ्याची धार पाहिली.