पानावर नसलेला गणपती

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारी नेल्या. माझं काम वेबसाइटचं — काही विचित्र दिसलं की कोड कुठेतरी चुकलाय, एवढंच डोक्यात येतं. हे मात्र अजून सुटलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी रोह्याजवळ वरसे गावात राहते. पेणला माझी मैत्रीण वैशाली. तिच्या वडिलांचा, अण्णांचा, गणपतीचा कारखाना आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांच्या उजव्या हातात जोर राहिला नाही. नवीन मूर्ती घडवणं बंद झालं, जुन्या साच्यांवरच काम चालायचं. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला वैशालीला कारखान्याच्या, मीच केलेल्या वेबसाइटची पानं फोटोसारखी हवी होती.

त्यासाठी माझ्या कॉम्प्युटरवर एक साधा प्रोग्राम आहे. पानाचा पत्ता टाकायचा, रुंदी सांगायची, बटण दाबायचं — अख्ख्या पानाचं एक लांबलचक चित्र तयार. दुपारी जेवून बसले, पानं काढली, उघडून बघते तर शेवटच्या पानावर एक मूर्ती जास्त! कच्च्या शाडूची, रंग न दिलेली. होडीच्या काठावर बसलेला गणपती, एक पाय पाण्याकडे सोडलेला...

ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं. तिथे ही मूर्ती नाही. कोड तपासला, सर्व्हरवरच्या फाइली बघितल्या, इंटरनेटवर तो फोटो शोधला — कुठेच नाही. पुन्हा बटण दाबलं, तर चित्र नेहमीसारखं. पहिली फाइल मात्र तशीच.

वैशालीला फोन केला. "होडीतला? आमच्याकडं असला गणपती नाय गो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन पेणला गेले. अण्णांना चित्र मोठं करून दाखवलं. ते स्क्रीनजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "ही मी अजून केली नाय. डोक्यात हाय. धरमतरच्या खाडीतल्या होड्या बघून सुचलेली."

"मला पण नाय सांगितलंत?" वैशालीने विचारलं.

"काय सांगू? सोंडेचंच जमत नव्हतं. सरळ सोडली की गुडघ्याला अडकते." त्यांनी डावं बोट स्क्रीनवर टेकवलं. "हे बघ... गुडघ्याच्या बाहेरून घेतलीय. व्हय, असंच पायजे!"

त्यांनी तिथंच माती आणायला लावली. वैशालीने तोवर फक्त रंगकाम केलेलं. ती घाबरतच माती घेऊन बसली — हात तिचे, सांगणं अण्णांचं. मध्येच अण्णा ओरडायचे, मध्येच हसायचे. कित्येक दिवसांनी त्या घरात हसणं ऐकलं, असं तिची आई म्हणाली. मूर्ती उभी राहिली, आता तिचा साचाही झालाय.

फोटो कुठून आला याचं अण्णांना काहीच वाटत नाही. "माझ्याच डोक्यातली मूर्ती ती," म्हणतात.

पण ती सोंड त्यांच्या डोक्यात नव्हती, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. मग ती वळवली कोणी? मला खरंच माहीत नाही.